संस्कारांचे पुस्तक म्हणून ‘स्मृतिचित्रे’

ख्रिस्ती पालकांच्या जबाबदारीविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. प्रवचनात, विवाहपूर्व शिबिरात, स्नानसंस्काराच्या तयारीत हा विषय हमखास येतो. परंतु या विषयावर घरात वाचावे असे एखादे मराठी पुस्तक सुचवा, असे कोणी म्हटले तर आपण घुटमळतो. मराठी घरांत अशा वेळी सहज नाव निघते ते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ चे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांवर संस्कार केले, आणि आपल्याही घरांतून ते आदराने वाचले गेले. त्याच दशकात, त्याच नाशिक परिसराशी नाते सांगणारे आणखी एक पुस्तक मराठीत अवतरले. त्याची लेखिका स्वतः आई होती, ख्रिस्ती होती आणि कधी शाळेत गेली नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे ते पुस्तक.

‘स्मृतिचित्रे’ चार भागांत प्रसिद्ध झाले. पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, आणि शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. त्याची साधी बोली, निर्मळ विनोद आणि नारायण वामन टिळकांसारख्या विलक्षण माणसाचे त्यातील चित्रण यांवर समीक्षकांनी भरभरून लिहिले आहे. स्त्रीचे आत्मकथन म्हणून, धर्मांतराची कहाणी म्हणून, एका काळाचा दस्तऐवज म्हणून त्याचा अभ्यास झाला. मात्र मुले घरात कशी वाढतात आणि कशी कोमेजतात, हे सांगणारे पुस्तक म्हणून ख्रिस्ती पालकांनी ते क्वचितच हाती घेतले असेल. प्रस्तुत लेखात त्या अंगाने या ग्रंथाचा विचार करावयाचा आहे.

ही चर्चा आपल्या भागातील कुटुंबांना जवळची वाटावी असे कारण आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर पूल झाला, १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोहमार्ग आला, आणि या नव्या नगरात माणसे येऊन वसली. आपल्या मराठी भाषक कॅथलिक कुटुंबांपैकी कोणी वसईहून आले, कोणी नगर, नाशिक, जालना, औरंगाबादकडच्या खेड्यांतून आले. गावी आजी होती, शेजारी चुलते होते, संध्याकाळी घराघरांतून जपमाळेचा स्वर येत असे. येथे दार लावले की चार भिंती आणि आपण. आई आणि वडील दोघेही नोकरीला, मूल शाळेत, शाळेनंतर शिकवणीला, आणि रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गाला. पालकांच्या प्रेमात कोठे उणे नाही. फीचे हप्ते भरताना ते स्वतःच्या पोटाला चिमटा घेतात. मात्र धर्मगुरूंकडे येऊन ते विचारतात ते प्रश्न बहुधा एकाच साच्याचे असतात. कोणती शाळा चांगली? दाखला मिळेल का? प्रथम कम्युनियनसाठी किती वर्ग भरावे लागतील? सगळे प्रश्न मुलाला कोणाच्या स्वाधीन करावयाचे याविषयीचे. आपण स्वतः काय व्हावयाचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण आणि साहित्याचे काम

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, आणि त्यांची उणीव दुसऱ्या कोणी भरून काढणे फार अवघड आहे, असा त्याचा आशय आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११३६ वे कलम शारीरिक, सामाजिक, सांस्कृतिक, नैतिक आणि धार्मिक अशा सर्व अंगांच्या संगोपनाचे गंभीर कर्तव्य आईवडिलांवर सोपविते, आणि तो त्यांचा मूळ हक्कही मानते. कलम ७७४ सांगते की, मुलांच्या श्रद्धेची घडण शब्दाने आणि उदाहरणाने करण्यास सर्वांच्या आधी पालक बांधलेले आहेत. १९८१ साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या प्रबोधनपत्रात हाच धागा पुढे नेला. शाळा आणि धर्मग्राम हे पालकांचे साहाय्यक आहेत. पालकांची जागा त्यांनी घ्यावी, अशी अपेक्षा कोठेही नाही.

हे सारे खरे असले तरी जाहीरनामा कर्तव्य सांगून थांबतो. ते कर्तव्य स्वयंपाकघरात कसे दिसते, पैसे संपलेल्या दिवशी कसे दिसते, नवराबायकोचे पटत नसते त्या रात्री कसे दिसते, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते साहित्याचे काम आहे. ‘स्मृतिचित्रे’ ने ते केले आहे, आणि तेही उपदेशाचा एक शब्द न उच्चारता.

वडिलांचे सोवळे

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे चित्र येते. १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्या धक्क्याने वडिलांच्या मनात विटाळाची विलक्षण भीती बसली. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यावयाची नाही, कोणाची सावली पडू द्यावयाची नाही, जराशी शंका आली की पुन्हा स्नान. घरातील बायकामुले या धाकाखाली पिचून गेली.

हा भाग वाचताना आपण मनसोक्त हसतो, कारण लेखिकेने तो हसतच सांगितला आहे. परंतु हसू ओसरल्यावर लक्षात येते की, हे एका धर्मनिष्ठ घराचे चित्र आहे. वडील ढोंगी नाहीत. देवाला आवडेल तेच आपण करीत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. तरीही त्या घरातील लेकरांना देवाविषयी काय कळले? तो सतत रागावलेला आहे, आणि त्याला पाणी फार लागते, एवढेच.

आपण हे वाचून ‘ते त्यांचे सोवळे होते’ असे म्हणून पान उलटू नये. धर्म बाह्य आचाराच्या हिशेबात बसविण्याचा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. मिस्सा चुकली की मुलाला शिक्षा, वर्गाची हजेरी भरली की समाधान, दृढीकरणाचे प्रमाणपत्र मिळाले की विषय संपला, असे चालते तेथे सोवळे निराळे असले तरी वृत्ती तीच आहे. शुभवर्तमानात प्रभू येशूने पेले आणि ताटे बाहेरून घासणाऱ्यांविषयी जे म्हटले आहे, ते पालकांनी मुलांच्या धर्मशिक्षणाच्या संदर्भातही वाचून पाहावे. नियम नकोत असा याचा अर्थ नाही. नियमामागचे प्रेम मुलाला दिसले नाही, तर नियम तेवढा उरतो आणि मूल मोठे झाल्यावर तोही टाकून देते.

सत्य सांगणारी आई

‘श्यामची आई’ शी तुलना केली म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ चे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. साने गुरुजींनी मुलाच्या डोळ्यांनी आई रंगविली. तेथे आई आदर्श आहे आणि प्रत्येक आठवणीतून काही बोध निघतो. लक्ष्मीबाईंनी आईच्या डोळ्यांनी घर रंगविले. तेथे आदर्श असे कोणीच नाही. टिळक थोर कवी आणि थोर भक्त, परंतु घरात तापट, लहरी आणि व्यवहारशून्य. आज जवळ असलेले पैसे उद्या कोणा गरजवंताच्या हाती गेलेले असत, आणि संसार कसा चालवावयाचा हे कोडे बायकोने सोडवावयाचे. स्वतः लक्ष्मीबाईही भांडखोर, हट्टी, आणि आपल्या फजितीवर सर्वांत आधी हसणाऱ्या.

समीक्षेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. लक्ष्मीबाई पतीचे दोष झाकत नाहीत, आणि त्या दोषांचे भांडवलही करीत नाहीत. टिळकांच्या रागाचा एखादा प्रसंग सांगितला की त्याच्याच शेजारी त्यांच्या हळवेपणाचा प्रसंग येऊन बसतो. दोन्ही खरे आहेत, दोन्ही एकाच माणसाचे आहेत. टिळकांचे स्वतःचे बालपण कठोर वडिलांच्या छायेत गेले होते. आई गेल्यावर लहान वयातच त्यांनी घर सोडून नाशिक गाठले. ही माहिती डोळ्यांपुढे ठेवली की त्यांच्या तापटपणाचे मूळ वाचकाला आपोआप दिसू लागते. लेखिकेने ‘म्हणून त्यांना क्षमा करा’ असे कोठेही म्हटलेले नाही. तिच्या निवेदनातच क्षमा आहे.

पालकांना याचा काय उपयोग? मुलांना निर्दोष आईवडील लागत नाहीत, आणि तसे ते कोणाला मिळतही नाहीत. घरात जे घडते ते घडलेच नाही असे भासविणारे आईवडील मात्र मुलांना गोंधळात टाकतात. वडिलांचा आवाज चढला, आई रडली, आणि रविवारी चर्चमध्ये आपण आदर्श कुटुंब म्हणून बाकावर बसलो, तर मूल त्यातून एक धडा घेते. धर्म म्हणजे दाखविण्याची गोष्ट. याउलट झालेली चूक मान्य करून एकमेकांची क्षमा मागणारे आईवडील त्याने पाहिले, तर पापनिवेदनाच्या संस्काराचा अर्थ त्याला कोणत्याही वर्गापेक्षा लवकर कळतो. ‘स्मृतिचित्रे’ मधील आई आपल्या मुलाच्या आणि नातवंडांच्या पिढीशी अशा मोकळेपणाने बोलते. ग्रंथाची सारी ताकद या मोकळेपणात आहे.

दोन चुली, एक मूल

ग्रंथाचा कणा म्हणजे धर्मांतराचा भाग. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांचा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. मूल आईजवळ, नातलगांच्या आधाराने, कधी नाशिकला तर कधी पंढरपूरला.

आजच्या पालकांनी हा भाग सावकाश वाचावा. वडिलांची श्रद्धा एक, आईची दुसरी, आणि मध्ये मूल. दोघांपैकी कोणालाही त्या मुलाला ओढाताणीचे शस्त्र करता आले असते. तो काळ आणि ती समाजव्यवस्था पाहता तसे झाले असते तर नवल नव्हते. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात दुःख आहे, संतापही आहे, परंतु मुलाचे मन वडिलांविषयी विषारी करण्याचा प्रयत्न त्यात दिसत नाही.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे आणि वेगळा स्वयंपाक प्रारंभी सोडला नाही, आणि टिळकांनी त्यासाठी बळजबरी केली नाही. घरात तापट असलेला हा माणूस श्रद्धेच्या बाबतीत कमालीचा धीर धरतो, हा विरोधाभास लेखिकेने अचूक टिपला आहे. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी दिलेल्या व्याख्यानाने हा पालट झाला नव्हता. रोजच्या जगण्यात पाहिलेल्या गोष्टी आतल्या आत मुरत गेल्या होत्या.

या घरात वाढणाऱ्या मुलाने काय पाहिले याचा विचार करावा. आपली आई देवाविषयी प्रश्न विचारते, अडखळते, थांबते आणि एक एक पाऊल पुढे टाकते, हे त्याने पाहिले. श्रद्धा ही वारशाने मिळणारी मालमत्ता नसून आयुष्यभर शोधावयाची वाट आहे, हा पाठ याहून प्रभावीपणे कोणी देऊ शकेल असे वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबातील प्रेमाविषयीच्या प्रबोधनपत्रात पालकांना सावध केले होते की, मुलाच्या प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवण्याचा हव्यास म्हणजे शिक्षण नव्हे. त्याच्या स्वातंत्र्याची वाढ होईल अशी प्रक्रिया सुरू करणे आणि तिला वेळ देणे हे पालकांचे काम आहे. टिळकांच्या घरातील त्या दोन चुली म्हणजे अशा धीराचे एक उदाहरण होय.

आपल्या धर्मग्रामांतही आता मिश्रविवाहांची कुटुंबे आहेत. मोठी झालेली मुले मिस्साला येत नाहीत म्हणून व्याकूळ झालेले आईवडील आहेत. त्यांना ‘स्मृतिचित्रे’ तयार उत्तर देत नाही. बळजबरीने आणि अबोल्याने काय साधत नाही, आणि धीराने काय साधू शकते, एवढे मात्र ते दाखविते.

उघडे दार

टिळकांच्या घराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे त्याचे उघडे दार. दुष्काळाच्या दिवसांत निराधार मुले त्या घरात आली, वाढली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई रुग्णांच्या शुश्रूषेला गेल्या. आणि याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुण राहिला. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तोच हा. अहमदनगरला टिळकांच्या कुटुंबात तो घरच्या मुलासारखा वावरला, आणि लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईसारखी माया केली. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे त्या घरातील त्याच्या जागेला धक्का लागला नाही. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवींचा अकाली अंत झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंचे दुःख आईचेच होते.

येथे ख्रिस्ती संगोपनाचा एक मर्मभाग दिसतो. आपली मुले प्रेम करावयास शिकतात ती आपल्यावर होणाऱ्या प्रेमामुळे, हे अर्धे सत्य आहे. आईवडील परक्यांशी कसे वागतात हे पाहून उरलेले अर्धे ती शिकतात. कामवाल्या बाईंशी आपण कसे बोलतो, इमारतीच्या पहारेकऱ्याला पाणी विचारतो की नाही, गावाकडून शिकावयास किंवा नोकरी शोधावयास आलेल्या पुतण्याला दोन खोल्यांच्या घरात जागा करून देतो की नाही, हे सारे मुले पाहत असतात. जागा अपुरी आहे, हे खरे. टिळकांच्या घरात पैसा अपुरा होता. दार उघडे राहण्यासाठी घर मोठे असावे लागते, असा अनुभव त्या घराने तरी दिला नाही.

शिकणारी आई

लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. जोडाक्षरे त्यांना अखेरपर्यंत त्रास देत राहिली. तरी त्यांनी कविता लिहिल्या, टिळकांच्या मृत्यूनंतर (९ मे १९१९) त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले, आणि उतारवयात मराठीतील एक अमर गद्यग्रंथ निर्माण केला. ‘आम्ही फार शिकलेलो नाही, मुलांना काय शिकविणार?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक आईवडिलांसाठी हे उदाहरण आहे. शिकलेल्या आईपेक्षा शिकत राहणारी आई मुलाला अधिक देते.

या संदर्भात आपल्या कॅथलिक परंपरेतील एका ग्रंथाची आठवण होणे साहजिक आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग मोठा अर्थपूर्ण आहे. चर्चमध्ये लहान मुलांना धर्मतत्त्वे शिकविली जात असताना एक प्रौढ नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींपुढे प्रश्न ठेवतो. मुलांची सोय झाली, परंतु आमच्यासारख्या मोठ्या माणसांनी काय वाचावे? जुनी पुराणे तर बंद झाली! त्या विनंतीतून पुढचा सारा ग्रंथ उभा राहतो.

मराठीतील आपला आद्य ख्रिस्ती महाग्रंथ अशा रीतीने एका प्रौढाच्या भुकेतून जन्मला आहे. बालकांचा वर्ग चालू आहे म्हणून तो गृहस्थ निश्चिंत झाला नाही. आज आपल्या बहुतेक धर्मग्रामांत मुलांचे वर्ग आहेत, पुस्तके आहेत, तळमळीने शिकविणारे प्रापंचिक शिक्षकही आहेत. त्या गृहस्थाचा प्रश्न विचारणारे पालक मात्र विरळ झाले आहेत. मुलाला वर्गात सोडून बाहेर मोबाईल पाहत उभे राहणाऱ्या पालकाला मूलही पाहत असते, आणि हा विषय मोठ्या माणसांच्या कामाचा नाही, असा निष्कर्ष काढीत असते. संत पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या श्रद्धेचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनिके यांच्या श्रद्धेत दाखविले आहे. त्या दोघींची श्रद्धा आधी खरी होती, म्हणून ती नातवापर्यंत पोहोचली.

ग्रंथाच्या मर्यादा

‘स्मृतिचित्रे’ ची थोरवी मान्य करूनही त्याच्या मर्यादांकडे काणाडोळा करता येत नाही. पहिली मर्यादा अशी की, घरातील प्रार्थनेचे आणि प्रत्यक्ष धर्मशिक्षणाचे चित्रण त्यात तुटपुंजे आहे. टिळक कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. संस्कारांचे, मिस्साचे, वार्षिक उपासनाचक्राचे जे स्थान कॅथलिक घरात असते, ते तेथे शोधू नये. ती भर आपली आपणच घालावयाची आहे.

दुसरी मर्यादा टिळकांच्या संदर्भातील आहे. जगाला वाटून टाकण्याच्या भरात घरच्यांच्या वाट्याला आलेली ओढाताण लेखिकेने विनोदाने सांगितली म्हणून वाचकाने तिला सद्गुण समजू नये. धर्मकार्यात, संघटनेत, समाजसेवेत बुडालेले वडील आपल्याकडेही आहेत. मुलाला वडील हवे असतात, त्यांची कीर्ती नव्हे. लक्ष्मीबाईंच्या हास्यामागचे कष्ट वाचताना हे विसरता कामा नये.

तिसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे, आणि तिचा दोष ग्रंथाकडे जात नाही. हे एका ब्राह्मण कुटुंबाच्या धर्मांतराचे कथन आहे. ज्या नगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून आपली अनेक कुटुंबे येथे आली, त्यांच्या आजीआजोबांची कहाणी निराळी होती. त्यांच्या पाठीशी विद्येची परंपरा नव्हती, गावकुसाबाहेरचे जिणे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या, तरी त्यांनी मोलमजुरी करून मुलांना मिशनच्या बोर्डिंगमध्ये ठेवले आणि शिकविले. त्या अक्षरशून्य आईवडिलांनी ख्रिस्ती पालकत्वाचे जे धडे घालून दिले, त्यांची ‘स्मृतिचित्रे’ अजून पुरेशी लिहिली गेलेली नाहीत. वसईच्या वाड्यांतील आणि उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन गावांतील आयांचेही असेच. आपल्या नियतकालिकांनी आणि लिहित्या हातांनी हे काम मनावर घ्यावे. ती माणसे एक एक करून आपल्यातून जात आहेत.

घरी काय करता येईल

समीक्षेचा लेख सूचनांनी संपवू नये, असा संकेत आहे. परंतु हे नियतकालिक कुटुंबात वाचले जाते, म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, हे पुस्तक घरात मोठ्याने वाचावे. त्यातील प्रकरणे छोटी आहेत आणि भाषा बोलण्याची आहे. रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे पुरेत. इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले मराठी वाचताना अडखळतात, परंतु ऐकताना त्यांना मराठी कळते. आईच्या आवाजात ऐकलेली भाषा त्यांच्या कानांत राहील. ज्या घरांत तेही कठीण झाले आहे, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपली आजी ज्या भाषेत देवाशी बोलत असे ती भाषा नातवाला परकी होऊ नये, हीसुद्धा पालकांची जबाबदारीच आहे.

दुसरी, वाचून झाल्यावर आपलीही एखादी आठवण मुलांना सांगावी. आपण या नगरात कसे आलो, पहिली खोली कशी होती, पगार थकला तेव्हा काय केले, कोणी मदतीचा हात दिला, देवावर राग कधी आला आणि विश्वास पुन्हा कसा बसला. अनुवादाच्या ग्रंथात मोशेने इस्राएल लोकांना हेच सांगितले आहे की, घरी बसलेले असताना आणि वाटेने चालताना मुलांशी या गोष्टींविषयी बोलत जावे. आपल्या पूर्वजांनी ते ओट्यावर बसून केले. आपल्याला ते जेवणाच्या टेबलाशी किंवा लोकलच्या प्रवासात करता येईल.

ज्या देवदत्ताने बालपणी आईवडिलांच्या श्रद्धेची ताटातूट सोसली, त्यानेच पुढे आईच्या आठवणींचा अखेरचा भाग पुरा करून वाचकांपुढे ठेवला. आईवडिलांच्या घराचा लेखाजोखा देण्याचे काम मुलाने इतक्या आदराने केले, ही त्या घरातील संगोपनाला मिळालेली पावती होय. आपली मुले उद्या आपल्या घराविषयी काय सांगतील, या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या प्रगतिपुस्तकात सापडणार नाही. आज संध्याकाळी घरात आपण एकमेकांशी कसे बोलतो, त्यातून ते तयार होत आहे.